वेणीतला बिब्बा
यंदा फेब्रुवारीत जळगावला माझ्या धाकट्या बहिणीच्या मेंदूचा एमआरआय झाला. अहवालात लहान मेंदूबद्दल एकच ओळ होती : या भागाचे परीक्षण शक्य नाही.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. झालेली इजा एमआरआयमध्ये डागांसारखी दिसते. दिवाळीपासून जळगावच्या मेहरूण भागातल्या घरात ती भिंत धरून चालत होती. नवे डाग निघाले, तर चालू इंजेक्शनचा उपयोग होत नाही असे ठरणार होते. आणि तोल सांभाळणारा भागच चित्रात काळा होता.

मी बहिणीला घेऊन तपासणी केंद्रात गेलो आणि मशीन किती जुने आहे ते विचारले.

"भाऊ, मशीन ठीक आहे," तंत्रज्ञ म्हणाला. "ताईंच्या अंगावर काही राहिलं होतं का?"

"जोडवीसुद्धा तुमच्याच ट्रेमध्ये होती," बहीण म्हणाली.

केंद्र आपली चूक आमच्यावर ढकलते आहे, असे मी धरून चाललो.

धुळ्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी फिल्म उजेडासमोर धरली. "हा धातूचा परिणाम. डोक्याच्या मागे, अगदी जवळ काहीतरी होतं."

परतताना गाडीत बहीण म्हणाली, "आत असताना मागून वेणी ओढल्यासारखं झालं होतं. मला वाटलं, आजाराचंच काही नवीन."

तिचे हात थरथरतात. तपासणीच्या सकाळी वेणी आईने घातली होती. तपासणीसाठी ती शिंदखेड्याहून आली होती आणि अजून बहिणीकडेच होती. घरी आल्यावर मी तिला विचारले. ती वांगी चिरत होती.

"माले काय पुसस? मशीनले पूस."

"आई, वेणीत काय घातलं होतंस?" बहिणीने विचारले.

विळी थांबली. "बिब्बा व्हता. धाकलासा. तुले लोकेसनी नजर लागस."

"आणि तो लावलास कशानं?"

आईने चिरलेली फोड पाण्यात टाकली. मग म्हणाली, "पिननी."

"माझी दृष्ट काढायला गेलीस आणि मशीनलाच आंधळं केलंस गं!"

आई हसली नाही.

दुसऱ्या तपासणीआधी तंत्रज्ञाने वेणी सोडायला सांगितली आणि केसांतून स्वतः हात फिरवून पाहिला. आई दाराशी उभी होती. या वेळी चित्र स्वच्छ आले. लहान मेंदूत दोन डाग होते. गेल्या वर्षीच्या चित्रात ते नव्हते. धुळ्याच्या डॉक्टरांनी जुने इंजेक्शन बंद केले.