एक्सपांड

तुमसरकडचा चंपत चार वर्षं पोलादाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे भट्टीच्या अस्तराच्या विटा कापायचा. विटांची पांढरी धूळ पापण्यांवर बसायची, घशात उतरायची. कारखान्यालगत, मरोद्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत तो आणि त्याची बायको सत्यशीला राहत. कारखान्याचीच कायम नोकरी लागली तरच धुळीतून सुटका होती, आणि त्यासाठी थोडं इंग्रजी लागायचं.

पावर हाउस नावाच्या वस्तीत भैयालाल नावाचे रेल्वेतले बाबू संध्याकाळी शिकवत. एकदा त्यांनी फळ्यावर ‘एक्सपांड’ लिहिलं.

“लोखंड तापलं का एक्सपांड होते, म्हणून रुळांत फट ठेवतात. कारखाना मोठा करून राहिले, तोही एक्सपांड. एका ओळीचा मजकूर चार ओळींत लिहा म्हटलं, तरी एक्सपांडच.”

चंपतने ते पाठ केलं. भरतीच्या परीक्षेत नेमका तोच शब्द आला आणि तो पास झाला.

मग डॉक्टरची तपासणी. डॉक्टरने छातीभोवती टेप गुंडाळली आणि म्हणाला, “एक्सपांड.”

चंपतला अर्थ लगेच कळला. त्याने श्वास ओढला, पण तो मध्येच अडला आणि खोकल्याची उबळ आली. तीनदा प्रयत्न झाला. टेप जेमतेम अर्धा इंच सरकली. डॉक्टरने हळूच विचारलं, “काम काय करता?” उत्तर ऐकून त्याने मान हलवली आणि कागदावर अनफिट लिहिलं.

घरी सत्यशीला दारातच उभी होती.

“काय झालं जी?”

“इंग्रजीत गेलो,” चंपत म्हणाला.

“मंग पुढच्या साली द्या. शिकवणी सोडू नका.”

झालं. दिवसभर विटा कापायच्या आणि संध्याकाळी ती हाकलायची म्हणून शिकवणीला जायचं. भैयालालना त्याने खरं सांगितलं. ते म्हणाले, “बस मागे.” तो हिवाळाभर मागे बसला. सगळ्या शब्दांचे अर्थ त्याला यायचे, पण तो हात वर करायचा नाही.

उन्हाळ्यात पुन्हा भरती निघाली. सत्यशीला फॉर्म घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवला. चंपतने पेन उचललं, ठेवलं.

“मी मागंच पास झालो होतो,” तो म्हणाला. “छाती फुगत नाही माही. डाक्टरनं परत पाठवलं.”

ती खाली बसली. “मले कावून नाही सांगतलं?”

“तू मले कामावर जाऊ देलं नसतं.”

“नाहीच देत. उद्यापासून त्या विटांले हात लावू नका.”

“मंग जाऊ कुठं? गावात काय आहे आपलं?”

तिने विचार केला. नवी भट्टी बांधायला निघाली होती, ठेकेदाराला विटा कापणारे हवेच होते. दुसरं कुणी चंपतला घेणार नव्हतं.

सकाळी तिने डबा भरला, जुन्या लुगड्याचा तुकडा ओला करून त्याच्या नाकातोंडावर घट्ट बांधला, आणि तो कामावर गेला.