जानकीबायचा मोडी कागद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर फिरायला जातो त्या स्नेह्यालाही नाही. तुम्हांला सांगतो.

रत्नागिरीत माझी वकिली जमिनीची. हद्दी, वहिवाट, शेतजमिनीवर बांधकामाची परवानगी — या कामात मी पक्का होतो, आणि हे म्हणताना मला आजही संकोच वाटत नाही. मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याने जयगडला खाडीकाठची मोकळी जागा खोताकडून विकत घेतली. त्याला तिथे गोदाम बांधायचं होतं. त्याच जागेवर खारवी बायका पिढ्यान्‌पिढ्या मासळी सुकत घालत. वाडीने हरकत घेतली. व्यापाऱ्याचं वकीलपत्र माझ्याकडे होतं.

सुनावणीला चार दिवस होते. सकाळीच त्या वाडीतली एक म्हातारी माझ्या ओटीवर आली — जानकीबाय. मी कुणाचा वकील, हे तिला ठाऊक नव्हतं. कुणीतरी घर दाखवलं, एवढंच. तिने फडक्यात गुंडाळलेला कागद पुढे केला.

“वकीलसाहेब, ह्यात काय लिवलाय ता वाचून सांगा. आमच्या वाडीत मोडी कुणाला येत नाय.”

वाचला. खोताच्या आजोबांनी लिहून दिलेला — ही जागा वाळवणासाठी वाडीकडे वंशपरंपरा राहील, कुणी अडथळा करू नये. खाली सही, साक्षी, सगळं चोख. मी काय करायला हवं होतं? ‘मी समोरच्यांचा वकील, दुसऱ्याकडे जा’ — एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. म्हणालो, “हा खोतांच्या घरच्या वाटणीचा कागद आहे. तुमचं यात काही नाही.”

आवाज जराही अडखळला नाही.

“बरा झाला तुमाला इचारला,” ती म्हणाली. “नायतर कचेरीत हसा झाला असता.”

सुनावणीत प्रांतसाहेबांनी वाडीवाल्यांना विचारलं, “लेखी काही आहे?” जानकीबायने माझ्याकडे पाहिलं. मी व्यापाऱ्याशेजारी उभा. आता हिला कळणार — वाटलं. पण तिला कळलं ते इतकंच, की मी विरुद्ध बाजूचा. मी खोटं वाचलं असेल, हे तिच्या मनाला शिवलंच नाही.

“लेखी काय नाय, सायब.”

परवानगी मिळाली. गोदाम उभं राहिलं. बायका ओल्या मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन वरच्या कातळावर चढू लागल्या.

व्यापाऱ्याने मला भरीला घातलं? नाही — त्याला त्या कागदाचा पत्ताही नव्हता. पोटाची अडचण होती? तीही नाही. मला हरायचं नव्हतं, बस्स. आणि नंतर? कागद तिच्याकडेच होता. कुठल्याही दिवशी जयगडला जाऊन खरं सांगता आलं असतं. गेलो नाही.

काही वर्षांनी ती बाजारात भेटली. पार वाकली होती. मला पाहून थांबली, हात जोडले.

“बरा हाय ना, वकीलसाहेब?”

“बरं आहे,” मी म्हणालो, आणि चालू लागलो.