खुशालचा ताप

गडचिरोलीजवळच्या फळीवर, म्हणजे तेंदूपानं वाळवतात त्या मैदानावर, खुशालचं काम पानांची पुडकी उलटवण्याचं. त्याच पानांच्या विड्याही तो इमानदारीने ओढी. त्यामुळे शहाऐंशीच्या उन्हाळ्याआधी लघवीतून रक्त आलं, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांना कारण शोधत फार हिंडावं लागलं नाही.

मूत्राशयात कॅन्सरची गाठ होती. ती खरवडून काढली. पुन्हा आली तर लघवीची पिशवीच काढायची. त्याआधी एक नवा उपाय होता: क्षयाची लस नळीने पिशवीत सोडायची.

"टीबी देऊन कॅन्सर बरा?" खुशालची बायको कांता म्हणाली. "मंग टीबीले काय देता, पटकी?"

डॉक्टरांनी समजावलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे राखणदार. पण गाठ आपल्याच मांसाची, म्हणून सोयरी समजून तिला सोडून देतात. लशीतले जंतू दिसले की चवताळून धावतात आणि त्या हाणामारीत गाठीलाही बदडतात.

लस सगळीकडे लागावी म्हणून पाठीवर, पोटावर, दोन्ही कुशींवर निजायचं. खुशालला हे शिकवावं लागलं नाही. दर आठवड्याला लस, संध्याकाळी ताप. ताप म्हणजे राखणदार जागे, असं त्याने फळीभर सांगून टाकलं.

एका आठवड्यात ताप आलाच नाही.

"राखणदार झोपले, बाई," तो फळीवरच्या म्हाताऱ्या गिरजाबाईला म्हणाला. "गेली माही पिशवी."

"झोपले त उठव. इथी उनाची काय कमी हाय?"

भर दुपारी खुशाल पुडक्यांच्या ओळीत आडवा झाला. गिरजाबाई शेजारच्या पुडक्यांइतक्याच गंभीरपणे त्याला उलटवू लागली. "पलट रे. खालून वलाच हायेस."

कांता डबा घेऊन आली. "अवो, तुमाले बी पोत्यात भरून धाडतेत का?"

फळी हसली. ताप मात्र आला.

पुढच्या खेपेला तो कसा आणला, ते त्याने अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तो उन्हाचा! लघवीला जळजळ होते का?"

"आग आग होते, साहेब."

"मग हाणामारी चालू आहे. ताप नाही आला तरी चालतं. पुन्हा वाळत पडू नका."

पावसाळ्यानंतर दुर्बीण आत गेली. डॉक्टर मूत्राशयाचा कोपरा न् कोपरा बघत होते. कांताने हातातल्या पिशवीचा बंद पिळून पिळून तोडला.

"साफ आहे. विडी बंद, तपासायला येत राहा. मूत्राशय काढायचं कारण नाही."

परतीच्या एसटीतून खुशाल लघवीला उमरेडला उतरला, नागभीडला उतरला, ब्रह्मपुरीलाही उतरला.

"आत्ताच त जाऊन आले ना, भाऊ?" कंडक्टर वैतागला.

"हो."

"मंग काऊन?"

"पिशवी माही हाय न बे," खुशाल म्हणाला आणि आरमोरीलाही उतरला.