रुखवतातला भोपळा

धाकट्याने थायलंडहून बायको करून आणली, तेव्हा गंगाखेडच्या आमच्या गल्लीला दोनच प्रश्न पडले. ती भाकरी खाते का, आणि ती इथे टिकते का. पहिल्याचं उत्तर तिने आल्या आल्याच दिलं. ज्वारीची भाकरी आणि वर माझ्या हातचा ठेचा. खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढणारा तो ठेचा, पण हिचा चेहरा ढिम्म. वर आणखी मागून घेतला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबत गेलं, आणि तोवर माझा जीव टांगणीला लागला होता.

मुलगा साखर कारखान्यातला केमिस्ट. तिकडच्या एका कारखान्यात काही हंगाम होता, आणि ही तिथल्याच एका ऊसवाल्याची पोरगी. लग्न करून दोघं इकडे आले, त्याला जवळच नोकरी मिळाली. पण तिकडचा कारखाना त्याला परत बोलावत होता. पगार जास्त, शिवाय राहायला घर. एक दिवस मी सरळच विचारलं, "तुमी ऱ्हाणार का जाणार? एकदाचं सांगून टाका."

"तिला इथं स्वतःचं काही कमवता आलं तर ऱ्हाऊ आई," तो म्हणाला. "न्हाईतर हंगाम संपला की जाऊ."

मला वाटलं, हा बायकोला पैसे देताना हात आखडता घेत असणार. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हा त्याने समजावून सांगितलं. तिच्याकडे लेकीने स्वतःच्या कमाईतलं काहीतरी आईला पाठवायचं असतं, थोडं का होईना. नवऱ्याचे पैसे पाठवले तर ते जावयाचे झाले, लेकीचे नाहीत. आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणी प्यायलाही जुनी माणसं कचरायची. पण तिचं म्हणणं मला पटलं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

मग आम्ही दोघींनी कंबर कसली. आधी तिने मोबाइलवरून थाई भाषा शिकवायला घेतली. त्या भाषेत एकच शब्द निरनिराळ्या सुरांत म्हणतात. सकाळी मागच्या खोलीतून ते सूर निघाले की आमचे हे पेपर खाली ठेवून विचारायचे, "कोणाचं पोट दुखायलंय का?" शिकणारे मोजकेच, आणि रेंज गेली की तेही जायचे.

पुढे तिने माझे दुखरे गुडघे असे काही दाबून दिले की मी जिना धडाधडा उतरले. ही बातमी गल्लीभर मीच पसरवली, दुसऱ्या कोणाला बोल लावत नाही. बायका चटया घेऊन हजर झाल्या. पैशाचं नाव काढलं की मात्र, "अगं, घरच्याच की आपण!" एकीने जाताना लिंबाचं लोणचं ठेवलं. ते पाहून बाकीच्यांनीही लोणचीच आणली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे लोणच्याला तोटा नव्हता.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. घरात घालायच्या सदऱ्यालाही इस्त्री लागते, असा माणूस. त्यांना हा सगळा उद्योगच पसंत नव्हता. "सुनेनं कमवायची काय गरज? आमी मेलो का?" असं दिवसातून एकदा तरी म्हणायचे. मी म्हणायचे, "तुमी गप बसा, पोरगं जाईल." मग ते गप्प बसायचे, कारण पोरगं जाऊ नये असं त्यांनाही वाटत होतंच.

एका दुपारी पाहुणे आले. मी सुनेला कलिंगड चिरायला सांगितलं, तर ही आत जी गेली ती बाहेरच येईना. मी तणतणत स्वयंपाकघरात शिरले. ताटात कलिंगडाचं भलंमोठं फूल होतं. आत लालबुंद पाकळ्या, त्यांना पांढरी कड, बाहेरून हिरवी पानं. "कुठं शिकलीस गं हे?" मी विचारलं. "शाळेत," ती म्हणाली, जणू मी तिला पाढे कुठे शिकलीस असं विचारलं होतं. पाहुण्यांनी कलिंगड खाल्लंच नाही, नुसते फोटो काढले.

मला त्याच क्षणी रुखवत दिसलं. आमच्याकडच्या लग्नांत नवरीच्या बाजूने काय मांडतात? सुपारीचे नवरा-नवरी, लोकरीचं तोरण आणि बिस्किटांचा बंगला. तो बंगला मी इतक्या लग्नांत पाहिलाय की त्याला आता घरपट्टी लावायला हरकत नाही. त्याच्या शेजारी हिची फुलं ठेवली तर? मी शाळेत शिकवायचे तेव्हा माझ्याबरोबर असलेल्या परभणीच्या एका मैत्रिणीच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मी शब्द टाकला. ती म्हणाली, "करू दे. पण फुकट न्हाई हां, पैसे घ्यायचे." मला तिचा मुका घ्यावासा वाटला.

लग्नाच्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत परभणीच्या मंगल कार्यालयात पोचलो. आमचे हेही आले, फक्त जेवणासाठी, असं त्यांनी दोनदा बजावलं. सुनेने गाजरांचे गुलाब केले, पपईचे मोर केले आणि मधोमध ठेवायला अख्ख्या लाल भोपळ्याचं कमळ कोरलं. कापताना बिघडलं तर असावा म्हणून एक भोपळा जादा आणला होता, तो तसाच पोत्यात राहिला.

रुखवत मांडून झालं आणि मैत्रिणीच्या सासूबाई बघायला आल्या. कमळाभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "लय झ्याक!" मग विचारलं, "भोपळा फोडला कोणी?"

सुनेने हसत स्वतःकडे बोट केलं. "मी."

म्हातारीचा चेहरा बदलला. "बाईनं आख्खा भोपळा फोडला? अन् तेबी लग्नाच्या दिवशी?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची, मग बाईने हवा तसा चिरायचा, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण आमच्या घरात माणसं चार, त्यामुळे आम्ही बाजारातून फोडच आणतो. अख्खा भोपळा घरी कधी येत नाही, तर ही गोष्ट मला आठवणार कशी? आणि तिला बिचारीला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. "हे सगळं आवरा," म्हातारी म्हणाली. माझी मैत्रीण सासूचा शब्द मोडणारी नव्हती. सून कोणाला काही न विचारता सुऱ्या फडक्यात गुंडाळायला लागली. हे काम गेलं तर पोरगी जाणार होती, आणि तिच्यामागे माझा पोरगा.

आमचे हे कोपऱ्यात चुरमुऱ्यांच्या सुशील्याची प्लेट घेऊन बसले होते. त्यांनी प्लेट खाली ठेवली, इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि पोत्यातला दुसरा भोपळा काढून टेबलावर ठेवला. "हळदीकुंकू आणा," म्हणाले. कोणीतरी आणलं. भोपळ्याला ते लावून त्यांनी म्हातारीला विचारलं, "आता पुरुषाचा हात लागला तर चालंल ना?"

म्हातारीने मान डोलावली. ह्यांनी सुरी उचलली आणि सगळा जोर लावून खुपसली. सुरी अर्धी आत गेली आणि तिथेच अडकली. जन्मात कांदाही न चिरलेला माणूस! ते ओढायलेत, भोपळा टेबलावर गोल फिरायलाय, मी भोपळा धरायलेय. शेवटी म्हातारीच पदर तोंडाला लावून हसत सुटली. "सोडा हो, लागला हात! आता पोरीला करू द्या."

सुनेने सुरी अलगद काढली आणि सगळ्यांदेखत बसकण मारली. तोवर वऱ्हाड आलं होतं. नवरदेव राहिला बाजूला, अर्धी वरात हिच्याभोवती मोबाइल धरून उभी. पाकळीमागून पाकळी सुटत गेली आणि बायका श्वास रोखून बघत राहिल्या. पहिलं कमळ आचाऱ्याने उचलून नेलं आणि त्याची भाजी केली. पंगत उठेपर्यंत दोन लग्नांची आणि एका डोहाळजेवणाची सुपारी तिच्या पदरात होती. परतताना गाडीत आमच्या ह्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "पुढचं कधी हाय? मला आधी सांगा, सदरा धुवायला टाकावा लागतो." तेव्हापासून पहिली सुरी त्यांचीच. आता अडकत नाही.

थोड्याच दिवसांत मुलाने तिकडच्या कारखान्याला नाही कळवलं. मी शिरा केला, गल्लीत वाटला. तिने तिची कमाई आईला पाठवली. संध्याकाळी दोघी व्हिडिओवर बोलत होत्या, तेव्हा मी मधेच डोकावले. पलीकडे एक सावळी, बारीक अंगाची बाई हसत होती आणि हसता हसता डोळे पुसत होती.

"काय म्हणायलीय गं तुझी आई?"

सून म्हणाली, "आई रोज म्हणायची, जमत न्हाई तर परत ये. आज म्हणली, आता परत ये न्हाई म्हणणार. आता तुझं जमलं."

इतके महिने मी देवाजवळ जे मागत होते, ते मला त्या बाईची लेक तिच्यापासून काढून मिळालं होतं. हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी फोनसमोर बसले. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. मी हात जोडले, तिनेही जोडले, आणि आम्ही दोघी विहिणी एकमेकींकडे बघत पोटभर रडलो.