आशियावाले सेठ

बोलायला तोंड उघडण्याआधी तो शर्टाच्या खिशातून टेबल टेनिसचा एक चेंडू काढायचा. पांढरा, जुना होऊन जरा पिवळसर पडलेला. तो उजेडाकडे धरून बघायचा, त्यावर फुंकर मारायचा, रुमालाने पुसायचा आणि पुन्हा खिशात ठेवायचा. एवढं होईपर्यंत समोरच्याने ताटकळत उभं राहायचं. मग तो म्हणायचा, "आशियात असंच असते, भाऊ."

गोंदियात त्याला सगळे आशियावाले सेठ म्हणत. धंदा बारदान्याचा. राइस मिलवाल्यांना पोती पुरवायची, जुनी पोती परत घ्यायची, फाटकी शिवून पुन्हा विकायची. यात वाईट काही नाही. वाईट एवढंच की या माणसाने जिल्ह्यातलं टेबल टेनिसही त्याच पोत्यात घालून तोंड शिवून टाकलं होतं. तोंडावर मी त्याला सेठजी म्हणायचो, कारण हॉलची किल्ली त्याच्याकडे होती. इथे मात्र 'तो' म्हणणार आहे. मला हा माणूस कधी आवडला नाही, आणि तो गेल्यावरही आवडायला लागलेला नाही.

तुमच्याही गावात असा एक असेलच. कुठे नाट्यमंडळात असतो, कुठे वाचनालयात. स्वतः काही करत नाही, पण त्याला विचारल्याशिवाय कुणाला काही करता येत नाही. आमच्या वाट्याला तो टेबल टेनिसमध्ये आला, एवढाच फरक.

मी बँकेतला कारकून. नव्व्याण्णवमध्ये बदली होऊन गोंदियाला आलो आणि संध्याकाळी हात मोकळा करायला जुन्या व्यायामशाळेच्या हॉलमध्ये जाऊ लागलो. दोन हिरवी टेबलं होती. खिडकीतून मिलच्या भुशाचा बारीक धुरळा यायचा, त्यामुळे आधी टेबल पुसायचं आणि मग खेळायचं. तो दारातच खुर्ची टाकून बसायचा. त्याला बॅट हातात धरलेलं मी कधी पाहिलं नाही. एकदा विचारलं, तर म्हणाला की खेळणारे जिल्ह्यात पुष्कळ आहेत, खेळ समजणारा एकच आहे.

आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचा इतिहास त्याला तोंडपाठ होता, हे कबूल करायला हवं. पहिली स्पर्धा बावन्न साली सिंगापूरला. युरोपवाल्यांनी आपली सुरू केली ती अठ्ठावन्नला, बुडापेस्टला. म्हणजे आशिया पुढे आणि युरोप मागे, हे तो अशा थाटात सांगायचा की जणू सिंगापूरला सतरंज्या यानेच अंथरल्या होत्या. पण या सगळ्या माहितीचा उपयोग तो एकाच कामाला करायचा. स्वतःचा कुठलाही कोतेपणा असो, त्याला आशियातलं एखादं साल चिकटवून द्यायचं, की झाला त्याचा नियम.

जिल्हा संघटनेच्या निवडणुकीत तो पडला, तेव्हा महिन्याभरात त्याने दुसरी संघटना काढली आणि राज्यात खटपट करून तिलाच मान्यता आणली. जुन्या लोकांनी जाब विचारला. त्याने चेंडू पुसला आणि सांगितलं की बहात्तर साली आशियातही नवी संघटना निघाली होती, जुनी आपोआप संपली, तेव्हा कुणी रडलं नव्हतं. तेव्हापासून सचिव तोच, निवड समिती तोच, आणि हॉलला कुलूप लावणाराही तोच.

चेंडूचा आकार अडतीस मिलिमीटरवरून चाळीस झाला, तेव्हा त्याने हॉलमधले सगळे जुने चेंडू आमच्याच पायाखाली चेचायला लावले. आशियात बंद झालेली वस्तू आपल्या हॉलमध्ये नको, म्हणाला. पुढच्या वर्षी गेम एकवीसऐवजी अकरा गुणांचा झाला. ही बातमी त्याने कधी जाहीर करावी? गावातल्या एका स्पर्धेच्या ऐन फायनलमध्ये. ज्यांनी कप दिले होते त्या मिलवाल्यांचा मुलगा अकरा-नऊने पुढे होता आणि दमलेला होता. हा खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, गेम संपला, आशियात आता अकराच. समोरचा पोरगा बॅट हातात घेऊन तसाच उभा राहिला. आम्ही हसलो. त्या काळी आम्ही त्याच्यावर हसायचोच, कारण आमचं कुणाचं काही अडत नव्हतं.

त्याच सुमाराला त्याने ठरवून टाकलं की जिल्हा स्पर्धा दरवर्षी घ्यायची नाही. आशियाची झाली की मगच आपली. आशियाची दोन हजारला दोह्याला झाली आणि पुढची बँकॉकला, तीन वर्षांनी. म्हणून गोंदिया जिल्ह्यातही तीन वर्षं स्पर्धा नाही. बँकॉकमध्ये काय अडचण आली असेल ती असो, गोंदियात एकच अडचण होती आणि ती दारात खुर्ची टाकून बसली होती.

मग पूनम आली. तिरोड्याजवळच्या एका खेड्यातली, धान लावणाऱ्या पोवार घरातली पोर. शाळेतल्या टेबलावर शिकली होती. शनिवारी शाळा सुटली की पॅसेंजरने गोंदियाला यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. डावखुरी. सर्व्हिस अशी करायची की चेंडू टेबलावर टेकल्यावर आपल्याकडे यायचं सोडून बाजूला पळायचा. पहिल्या महिन्यात मी तिला दोन गोष्टी दाखवल्या असतील, त्यानंतर तीच मला खेळवायची. त्याच्यासमोर मात्र ती मान खाली घालून 'काकाजी' म्हणायची आणि टेबल पुसायला घ्यायची.

दोन हजार नऊला आशियाई स्पर्धा लखनौला होती. हा पंधरा दिवस आधीपासून गावभर सांगत फिरला की आपण व्यवस्थेत आहोत. तिकीट काढून गॅलरीत बसला होता, हे सोबत गेलेल्या त्याच्या मेहुण्याने मला नंतर सांगितलं. परत आला तो मात्र फार खुशीत. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं त्याने मला चहा पाजला आणि खिशातल्या चेंडूची गोष्ट सांगितली.

ऐंशी साली तो बापासोबत कलकत्त्याला पोती घ्यायला गेला होता. बाप ज्यूटच्या दलालाकडे बसला आणि हा भटकत भटकत स्टेडियममध्ये शिरला. आत आशियाई स्पर्धा चालू होती. असा खेळ त्याने जन्मात पाहिला नव्हता. चेंडू दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा, म्हणाला. सांगताना त्याचा आवाज खाली आला होता. खरं सांगतो, तेवढा वेळ मला तो बरा वाटला. मग एक चेंडू उडून गॅलरीत आला, थेट याच्या मांडीवर.

"बाकीचे लोक चेंडू आला की परत फेकून राहिले होते," तो म्हणाला. "मी नाही फेकला. खाली तो खेळाडू हात पसरून उभा होता. मी खिशात टाकला."

हे त्याने लाजून सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. त्याने ते छाती फुगवून सांगितलं. माझा चहा अर्धा राहिला.

लखनौहून आल्यावर त्याने देणग्या गोळा करून एक निळं टेबल मागवलं. तिथे होतं तसंच, म्हणे. ते हॉलच्या मधोमध मांडलं, त्यावर बारदान्याचं अंगभर झाकण घातलं, आणि दाभणाने कडा शिवून टाकल्या. पुढच्या आशियाई स्पर्धेनंतर उघडायचं, तोवर कुणी हात लावायचा नाही. आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवी टेबलं सरकवून अंग चोरून खेळायचो. पूनम कधीकधी खेळून झालं की त्या बारदान्यावरून हात फिरवायची. त्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेत ती फायनलला हरली, पण मोठ्या मुलीशी, आणि थोडक्यात.

दोन हजार अकरा हे ज्युनिअर गटातलं तिचं शेवटचं वर्ष. जिल्ह्यात तिच्याकडून एक गेम घेईल अशी मुलगी उरली नव्हती. नागपूरच्या एका कॉलेजने तिला सांगितलं होतं की राज्य स्पर्धेत नुसती खेळून ये, खेळाडूंच्या जागेतून प्रवेश आणि हॉस्टेल देतो. बाप तयार होता. हॉस्टेल मिळालं तर जाऊ दे, नाही तर नागपूरचा खर्च झेपणार नाही, एवढं त्याचं साधं म्हणणं होतं. राज्यात जायचं तर जिल्हा स्पर्धा जिंकायला हवी, आणि त्यासाठी ती आधी व्हायला हवी. वय एक जानेवारीला मोजतात. आणि आशियाची पुढची स्पर्धा होती मकावला, दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत.

मी राज्य संघटनेला फोन केला. तिथून उत्तर आलं की नाव जिल्ह्याच्या सचिवाकडूनच आलं पाहिजे. म्हणून दिवाळीनंतर, धानाची कापणी चालू असताना, पूनम, तिचे वडील आणि मी असे तिघं त्याच्या बारदान्याच्या दुकानात गेलो. तो पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. उठला नाही. पूनमच्या वडिलांनी डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि सांगितलं की पोरीचा हा शेवटचा साल आहे, एका दिवसाचं काम आहे, स्पर्धा घेऊन टाका. जेवणाचं आम्ही पाहतो, असंही म्हणाले.

त्याने चेंडू काढला. उजेडाकडे धरला. फुंकर मारली. तो रुमाल त्याच्या हातातून हिसकून घ्यावा असं मला त्या वेळी फार वाटलं.

"दोह्यानंतर बँकॉकले तीन साल लागले होते," तो म्हणाला. "त्या तीन सालात जपानच्या पोरींचं वय नाही वाढलं का? आशियात असंच असते, भाऊ."

वडिलांना दोहा कळलं नाही आणि बँकॉकही कळलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. पूनमने मात्र मान वर केली.

"जपानच्या पोरींचं मले नाई माहीत, काकाजी," ती म्हणाली. "माझं वय इथं वाढून राहिलं."

 चेंडू खिशात गेला. गिऱ्हाईक आलं होतं, तो पोती मोजायला उठला. बाहेर आल्यावर वडिलांनी फडकं पुन्हा बांधलं आणि मलाच विचारलं, "कायले असं करत असल जी हा माणूस?"  ते मला आजही सांगता येत नाही. त्याला पूनमचा राग नव्हता, पैसे नको होते, पुढे करायला घरची मुलगीही नव्हती. नुसतं आपल्या हातात आलेलं सोडायचं नव्हतं.

स्पर्धा मकावनंतरच झाली. राज्यातला कुणी पाहुणा आला, बारदान्याची शिवण उसवली, भाषणं झाली. पाहुण्यांनी निळ्या टेबलावर एक चेंडू मारला, तो जाळीत गेला, टाळ्या पडल्या. मग याने सगळ्यांसमोर झाकण पुन्हा घातलं. इतक्या मोठ्या माणसाचा हात लागलेलं टेबल रोजच्या खेळाला नको, म्हणाला. सामने हिरव्या टेबलांवर झाले. ज्युनिअर गटात जी जिंकली तिला सर्व्हिस धड जमत नव्हती. राज्यात ती पहिल्याच फेरीत हरून आली, त्यात तिचा काही दोष नाही.

नागपूरचं हुकलं. पूनमने तिरोड्यालाच कॉलेज केलं आणि पुढे तिथल्याच एका शाळेत खेळ शिकवायला लागली. हॉलवर ती पुन्हा आली नाही. मीही फारसा जाईनासा झालो.

चार-पाच वर्षांनी तो दुकानात बसल्या बसल्या गेला. शोकसभा हॉलमध्येच ठेवली होती. निळ्या टेबलावर बारदाना तसाच शिवलेला, मधल्या जाळीमुळे तंबूसारखा वर आलेला. त्या उंचवट्याला त्याचा हार घातलेला फोटो टेकवला होता आणि समोर ताटलीत फुलांमध्ये तो चेंडू. घरच्यांनी आठवणीने ठेवला होता. वक्त्यांनी त्याला जिल्ह्यातल्या टेबल टेनिसचा आधारवड म्हटलं. एकाने सांगितलं की त्याने जिल्ह्याचं नाव आशियापर्यंत नेलं. मी मागे बसून ऐकत होतो. दोन मिनिटं शांतता पाळली, तीही मी पाळली.

पूनम शेवटच्या रांगेत होती. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. माणसं पांगली, फक्त आम्ही दोघं राहिलो. ती टेबलापाशी गेली, फोटो दोन्ही हातांनी उचलला, नमस्कार केला आणि भिंतीजवळच्या बाकावर नीट ठेवला. फुलांची ताटली त्याच्याशेजारी ठेवली. मग पर्समधून किल्ल्या काढल्या आणि एका किल्लीच्या टोकाने बारदान्याची सुतळी तोडायला लागली. मी दुसऱ्या बाजूने लागलो. शिवण पक्की होती, त्या कामात तो तरबेज होता.

टेबल कोरं होतं. वाळवी नाही, डाग नाही, ओल नाही. इतकी वर्षं मी मनात धरून होतो की आत ते सडून गेलं असेल. निदान तसं निघायला हवं होतं. पूनमने त्याच्यावरून तळवा फिरवला.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

फळीवरच्या दोन जुन्या बॅटी तिने पदराने पुसल्या, एक मला दिली. चेंडू कुठे आहे म्हणून मी इकडेतिकडे बघत होतो, तोवर तिने ताटलीतला उचलला होता. हातात घोळवून ती थांबली.

"हा लहान आहे जी."

अडतीसचा होता. आमच्या पायाखाली चेचायला लावले त्याच मापाचा. मी तिला कलकत्त्याची गोष्ट सांगितली, खाली हात पसरून उभ्या राहिलेल्या खेळाडूसकट. ती हसली नाही, चिडलीही नाही.

"तिकडं उभे राहा," ती म्हणाली.

डाव्या हाताने तिने सर्व्हिस केली. चेंडू निळ्या टेबलावर टेकला आणि पूर्वीसारखाच माझ्याकडे यायचं सोडून बाजूला पळाला. मला बॅटही लावता आली नाही. तो टप टप करत दाराकडे गेला आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीखाली जाऊन थांबला.

मी गेलो, वाकलो, चेंडू उचलला. पलीकडे पूनम हात पुढे करून उभी होती. मी तो तिच्याकडे परत फेकला.