चोवीस नंबरची दोन मुलं

वडील केंद्र सरकारच्या ऑफिसात शिपाई. ते ऑफिसच साताऱ्याहून जयपूरला हललं, म्हणून आम्हीही आलो. झोटवाड्यात एक खोली मिळाली, खाली पत्रे कापायचं वर्कशॉप. भिंत दिवसभर थरथरायची. आई रजया भरायच्या कामाला जायची. कापसाने तिचा श्वास अडकायचा, तरी जायची. मी त्या आवाजात अभ्यास करून पदवी घेतली. घरात पहिली. हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही.

नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जगतपुऱ्यात, खेळांचे व्हिडिओ तपासणाऱ्या एका कंपनीत लागली. आई म्हणाली, "दिवसभर फुटबॉल बघायचा पगार देतात?"

हा अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडूचा, अंगावर धडकून खेळायचा. अमेरिकेतले व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजातली मुलं पाळीपाळीने निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. नावाजलेली मुलं पहिल्या फेऱ्यांतच जातात. खरी हुशारी शेवटच्या फेऱ्यांत, सगळ्यांच्या नजरेतून सुटलेलं पोरगं हेरण्यात. आम्ही एका संघासाठी छोट्या कॉलेजांचे व्हिडिओ बघायचो आणि कुणी काय केलं ते नोंदवायचो.

मला तसा एक सापडला. चोवीस नंबर. बचावात ठीकठाक, पण आपल्या संघाने लांब किक मारल्यावर चेंडू झेलून पळणाऱ्या पलीकडच्याला गाठून पाडण्यात वाघ. मी त्याचं नाव जोरात पुढे केलं. यादी अमेरिकेला गेली. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि ती या यादीवरच होणार होती.

ड्राफ्टला चार दिवस उरले असताना शेजारच्या टेबलावरची नवीन मुलगी म्हणाली, "दीदी, तुमचा चोवीस कधी हाताला पट्टी बांधतो, कधी नाही. कधी एकदम उंच. जादूगर है क्या?"

मी हसले. मग व्हिडिओ थांबवून बघितला. कॉलेजच्या खेळाडूंची पूर्ण यादी उघडली. चोवीस नंबरची दोन मुलं होती. एक बचावातला, एक हल्ल्यातला. किकच्या वेळी दोघांपैकी कुणीही उतरायचा. तिथे संघ एवढे मोठे की एक नंबर दोघांना देतात, फक्त दोघं एकदम मैदानात उतरत नाहीत. आम्ही क्रिकेट बघत वाढलेले. एक नंबर म्हणजे एक माणूस, याबद्दल शंका घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या दिवशी मी कुणाला काही बोलले नाही. त्या मुलीलाही "कपडे बदलले असतील" म्हणून गप्प केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चहा तसाच गार झाला. वडिलांनी विचारलं, मी सांगितलं.

"फाईल साहेबांच्या टेबलावर गेली?"

"सातासमुद्रापार गेली, बाबा."

"मग परत मागव. गेलेली फाईल मी किती वेळा परत आणलीय. साहेब ओरडतात. ओरडून झालं की बसतात."

"मला काढून टाकतील."

"टाकतील कदाचित," ते म्हणाले. खोटा धीर त्यांनी दिला नाही.

ऑफिसात गेल्या गेल्या मी बॉससमोर उभी राहिले. सगळं ऐकून त्याने पेन टेबलावर आपटलं. "मॅडमजी, पूरी लिस्ट पे अब कौन भरोसा करेगा?" मग म्हणाला, "दो दिन. हर किक."

मी आणि त्या मुलीने प्रत्येक किक पुन्हा पाहिली. आधी मी तिची माफी मागितली. आता नंबर नाही, पट्टी, उंची, धावण्याची ढब बघून नोंद केली. प्रत्येक नोंदीला वाटायचं, पुन्हा चुकलं तर? बहुतेक किकांवर पाडणारा वाघ हल्ल्यातला निघाला, ज्याचं नाव आमच्या यादीतच नव्हतं. दुरुस्त यादी चूक कबूल करून पाठवली, खाली माझं नाव लिहून.

संघाने त्या दुसऱ्या चोवीसला शेवटच्या फेरीत घेतलं. पहिल्याला कुणीच घेतलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम झाली, आणि त्या मुलीचीही.