कळव्याची विहीर आणि बिनमिठाचं वरण

मुलांनो, तुमची आजी लॉजिक घेऊन बी.ए. झालेली आहे. मांजर आडवं गेलं म्हणून मी कधी थांबले नाही, कुणाची दृष्ट काढली नाही, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तर तोंडावर हसले. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली. माझ्यासमोर, भर दुपारी जे घडलं तेवढंच सांगते.

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी आम्ही कळव्याचं घर विकून डोंबिवलीला भाड्याने राहायला आलो. नणंदेचं लग्न करायचं होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ठाण्याला शाळेत सायन्स शिकवायचे. खाडी जवळ असूनही आमच्या परसातल्या विहिरीला गोडं पाणी होतं. मिठागरावरच्या बायकाही तेच भरायच्या. घर घेणारे गोविंदराव कस्टममधून रिटायर झालेले. त्या पाण्यावरच त्यांनी घर पसंत केलं.

ताबा घेऊन महिना होतो न होतो तोच ते आमच्या दारात.

"मास्तर, खारी विहीर गळ्यात मारलीत. दुसरी खणून द्या, नाहीतर कोर्टात भेटू."

मामंजींच्या शब्दावर तोवर कुणी शंका घेतली नव्हती. रविवारी ते, सासूबाई आणि मी कळव्याला गेलो. गोविंदरावांनी स्वतः पाणी शेंदलं. घोट घेतला आणि थुंकून टाकला. मग मामंजी प्यायले.

"खारट आहे गं," ते सासूबाईंना म्हणाले.

सासूबाई प्यायल्या. "काहीतरीच काय, अहो... गोडं आहे."

मीही प्यायले. गोडंच होतं. शेजारच्या हिराबाई मिठागरावरून परतत होत्या, त्यांनाही दिलं.

"लगीन झाल्यापासना आमी हाच पानी पितंव. गोडाच हाय."

"तू त्यांच्याच बाजूची," गोविंदराव म्हणाले.

मग मीच तोंड उघडलं – खाऱ्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, चूल पेटवा. डाळ गोविंदरावांच्या डब्यातली, भांडं त्यांचं. मीठ नाही, हळद नाही. मी चुलीपासून हलले नाही. डाळ लोण्यासारखी शिजली. आम्ही तिघींनी चाखली. साफ अळणी.

गोविंदरावांनी एक घास चाखला आणि हसले. "मास्तर, बघा. समुद्र शिजवलाय."

मामंजींनी बोट लावून चाखलं. मग ते सासूबाईंकडे वळले.

"माझी अब्रू राखायला चारचौघांत खोटं बोलायची गरज नव्हती."

"मी खोटं बोलते?"

"मला जीभ आहे."

सायन्सच्या मास्तरांपुढे मी ती मऊ शिजलेली डाळ बोटांनी दाबून दाखवली. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तिथेच दुसरी विहीर खणून द्यायचं कबूल केलं. त्यात सासूबाईंच्या पाटल्या गेल्या. आणि त्या नव्या विहिरीला खारं पाणी लागलं – आम्हा सगळ्यांनाच खारं.

खरेदीखतावर ज्या दोघांच्या सह्या होत्या त्यांनाच जुनं पाणी खारट लागलं, असं तुमचे आजोबा म्हणायचे. मी त्याला कारण मानत नाही. पण दुसरं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

त्या रविवारपासून सासूबाईंनी मामंजींचं जेवण अळणी करायला सुरुवात केली. पानात डाव्या बाजूला चिमूटभर मीठ वाढतात, तेही बंद. मी एकदा म्हटलं तर म्हणाल्या, "मी न घालताही त्यांना खारट लागतं ना? मग आणखी कशाला?" बाकी सगळं नीट वाढायच्या. मामंजी खाली मान घालून जेवायचे, तक्रार नाही. मला वाटायचं, शिक्षा भोगताहेत.

सासूबाई गेल्या त्या वर्षी पितृपक्षात स्वयंपाक माझ्याकडे होता. सवयीने मामंजींची आमटी मी अळणीच काढली होती. वाढताना मला लाज वाटली, मिठाची वाटी पुढे केली.

"नको, सूनबाई," मामंजी म्हणाले. "रोज असतं तेवढं मीठ आजही आहे त्यात."